सवलत रुपयांत, प्रवास तासांत

540 आणि 660. पहिला आकडा, गावाहून तालुक्याच्या कॉलेजला एसटीने जाऊन-येऊन शिकणाऱ्या मुलाच्या वर्षभराच्या प्रवासाचे तास. दुसरा, त्याच वर्षात त्याच्या वाट्याला येणाऱ्या लेक्चरचे तास. गणित सोपं आहे. यूजीसीच्या हिशेबाने एका सत्रात 90 दिवस शिकवणं व्हायला हवं, म्हणजे वर्षाला 180 दिवस. गाव 40-42 किलोमीटरवर असेल तर थांबत थांबत जाणाऱ्या साध्या गाडीला जायला दीड तास, यायला दीड तास धरू. झाले 540. नव्या शैक्षणिक धोरणातल्या पदवीला सत्रागणिक साधारण 22 क्रेडिट असतात आणि थिअरीचं एक क्रेडिट 15 तासांचं. दोन सत्रं मिळून 660. तासाभराच्या लेक्चरमागे 49 मिनिटं एसटीत, असा हा भाव पडतो. फाट्यावर उभं राहून गाडीची वाट पाहण्यात जाणारा वेळ यात धरलेला नाही.

सायन्सवाल्यांचा हिशेब वरवर बरा दिसतो, कारण प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट 30 तासांचं. पण दुखणं नेमकं तिथेच आहे. प्रॅक्टिकल दुपारनंतर असतं, पाचला सुटतं, आणि गावाकडची शेवटची गाडी साडेपाचची असेल तर साडेचारपासूनच मुलांच्या नजरा घड्याळाकडे. रीडिंग घ्यायची राहतात, ती मग शेजाऱ्याच्या जर्नलमधून उतरवली जातात.

सरकार या मुलांसाठी काहीच करत नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. एसटीच्या विद्यार्थी पासावर 66.67 टक्के सवलत आहे, म्हणजे पोरगा तिकिटाचा एक तृतीयांशच भरतो. जानेवारी 2025 मध्ये एसटीचं भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं. आता साध्या गाडीचा 6 किलोमीटरचा टप्पा साधारण दहा रुपयांना पडतो. 42 किलोमीटरचे सात टप्पे, 70 रुपये, त्यातले विद्यार्थ्याच्या खिशातून तेविसेक. अलीकडे शाळा-कॉलेजातच पास द्यायला सुरुवात झाली, त्यामुळे प्राचार्यांच्या सहीचा फॉर्म आणि फोटो घेऊन डेपोतल्या खिडकीशी रांग लावण्याचं सव्यापसव्य वाचलं. रुपयांच्या बाजूने पाहिलं तर याहून स्वस्त प्रवास शोधून सापडायचा नाही.

मुलींच्या बाबतीत मात्र एक गंमत आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना एसटी मोफत, पण ती बारावीपर्यंतच. पदवीच्या वर्गात पाऊल ठेवलं की मुलगी एक तृतीयांश भाड्यावर येते. याउलट रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मुलींना पदवीपर्यंत मोफत आहे, मुलग्यांना बारावीपर्यंत. म्हणजे घराजवळ स्टेशन असलेली मुलगी फुकट पदवीधर होते आणि फाटा असलेली पैसे भरून. मार्च 2023 पासून एसटीत सगळ्याच महिलांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदाच कॉलेजात डोकावणारीला पास काढण्यापेक्षा सुटं तिकीट परवडायला लागलं, तर आश्चर्य वाटायला नको. 75 टक्के हजेरीचा नियम आहे, हे खरं. पण 180 पैकी 45 दिवस तो नियमही सोडून देतो.

ही सगळी व्यवस्था एकाच धाग्यावर लटकलेली असते, हे 2021 मध्ये दिसलं. कोरोनानंतर राज्यातली कॉलेजं 20 ऑक्टोबरला उघडली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला. उच्च न्यायालयाने कामगारांना कामावर परतायला 22 एप्रिल 2022 पर्यंतची मुदत दिली. म्हणजे जवळजवळ एक अख्खं सत्र आणि परीक्षेच्या तयारीचे दिवस संपातच गेले. उरल्या खासगी गाड्या: पश्चिम महाराष्ट्रात वडाप, मराठवाडा-विदर्भात काळी-पिवळी. तिथे पास चालत नाही. रोख मोजा, नाहीतर घरी बसा. त्या वर्षी कॉलेज कोणी सोडलं हे शोधायचं, तर जातीची नि उत्पन्नाची वर्गवारी करण्याआधी गावाच्या रस्त्याला रेल्वे आहे की नाही, एवढंच मी आधी विचारीन.

मग शहरातच राहावं ना? इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60,000 रुपये: जेवणाला 32,000, राहण्याला 20,000, बाकी निर्वाहाला 8,000. कॉलेजचे दहा महिने धरले तर राहण्याला महिन्याला 2,000 आणि जेवणाला दिवसाला 107 रुपये. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा शोधणाऱ्या कुणालाही हा 2,000 चा आकडा सांगून बघा. बहुतेक तो हसेल. तालुक्याच्या गावी रक्कम 38,000 वर येते. पण तिथे घरून डबा यायची तरी सोय असते. सकाळच्या पहिल्या गाडीने कंडक्टरच्या हवाली केलेला, दोरीने बांधलेला डबा स्टँडवर उतरवून घेणारी मुलं अजूनही दिसतात. मात्र ही योजना एका जिल्ह्यात 600 जणांपुरती, 36 जिल्ह्यांत मिळून 21,600. राज्यात उच्च शिक्षण घेणारे, 2021-22 च्या अखिल भारतीय पाहणीनुसार, 45.78 लाख. अनुसूचित जातींसाठी स्वाधार आणि इतरही योजना आहेत, पण हातपाय पसरायला जागा त्यांतही नाही.

जुलै 2024 मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी शंभर टक्के माफ झाली. निर्णय मोठा आहे. फी गेली की खर्चाच्या यादीत वर उरतात ते राहणं, खाणं आणि जाणं-येणं. आणि त्यातलं जाणं-येणं घरच्यांना सगळ्यात स्वस्त वाटतं, कारण त्यात रुपये कमी लागतात. मुलगी संध्याकाळी घरी परतते, हा हिशेबही त्यात असतोच, तो कुणी उघडपणे मांडत नाही.

विद्यापीठं जवळ आणून पाहिली. नागपूरच्या पसाऱ्यातून चंद्रपूर-गडचिरोली काढून 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं. तरी सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वरच. अंतर कमी झालं ते कागदपत्रांचं. रोजचं अंतर गाव आणि कॉलेज यांच्यामधलं असतं.

त्या 540 तासांत सगळंच वाया जातं असंही नाही. मागच्या बाकड्यावर नोट्स फिरतात, परीक्षेच्या दिवसांत एक जण मोठ्याने वाचतो नि बाकीचे ऐकतात, भांडणं होतात, जमतंही. पण युवा महोत्सवाच्या तालमी संध्याकाळी असतात, मैदानावरचा सरावही संध्याकाळीच आणि लायब्ररीची वाचनखोली रात्री भरते. 'इंद्रधनुष्य' या आंतरविद्यापीठ युवा महोत्सवाला किंवा 'अश्वमेध' या क्रीडा महोत्सवाला विद्यापीठाकडून गेलेल्या संघांची यादी काढून, त्यात रोज पासावर येणारे किती होते ते मोजावं. माझा अंदाज आहे की बोटांवर मोजता येतील.

रेल्वे किंवा रस्ता बांधायला वर्षं लागतात, वसतिगृहाला निधी लागतो. पण प्रॅक्टिकल सकाळी आणि लेक्चर दुपारी घ्यायला एक पैसा लागत नाही. जूनमध्ये वेळापत्रक लावताना प्राचार्यांनी डेपो मॅनेजरला एक फोन करून शेवटची गाडी किती वाजता सुटते ते विचारावं. गाडी पुढे ढकलता येत नसेल, तर तास मागे घेता येतात.