पहिल्या प्रोग्रॅमपासूनच रचनेची सवय

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी 39 फुटांवर गेले की इशारा पातळी आणि 43 फुटांवर गेले की धोका पातळी मानतात. हे आकडे तपासून सूचना देणारा प्रोग्रॅम अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातला विद्यार्थीही लिहू शकेल. पण 43 हा आकडा त्याने दहा ठिकाणी लिहिला आणि तोच प्रोग्रॅम उद्या दुसऱ्या नदीसाठी वापरायचा ठरला, तर एखादी जागा बदलायची राहून जाईल आणि चुकीची सूचना बाहेर पडेल. आकड्याला ‘धोका पातळी’ असे नाव देऊन तो एकदाच लिहिणे आणि पातळी वाचणे, तुलना करणे, सूचना देणे ही कामे वेगवेगळ्या फंक्शनमध्ये ठेवणे, एवढ्याने ही चूक टळते. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी 1972 मध्ये हेच तत्त्व मांडले: जो निर्णय पुढे बदलू शकतो, तो एकाच भागात बंदिस्त ठेवावा.

नवख्याने आधी प्रोग्रॅम चालवून दाखवावा, रचना नंतर शिकावी, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. सुरुवातीलाच जड परिभाषा लादली तर मुले बिचकतात. पण अर्थपूर्ण नावे आणि छोटी फंक्शन शिकवायला परिभाषा लागत नाही, आणि एकदा लागलेले वळण मोडणे कठीण असते. आता यंत्रच कोड लिहून देते, असेही म्हणतात. मग तो पारखणारी नजर अधिकच हवी. म्हणून शिक्षकांनी प्रात्यक्षिकात केवळ उत्तर तपासू नये. चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक बदल करायला सांगावा आणि तो किती सहज होतो, त्यावरही गुण द्यावेत.