पळसाला पाणी कुठून?

‘टेकडीवर आम्हाला पळस दाखवला, पांगारा दाखवला, पिवळाजर्द गणेर दाखवला. नावं लिहून घेतली, फोटो काढले. पण पायाखालची जमीन भेगाळलेली आणि गवत पार वाळलेलं होतं. अशा दिवसांत या झाडांना फुलायला पाणी कुठून मिळतं?’ वेताळ टेकडीवरच्या वृक्षफेरीला जाऊन आलेल्या एका वाचक बाईंचा हा प्रश्न. फेब्रुवारी उजाडला की पुण्या-मुंबईत अशा फेऱ्यांचे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात, गर्दीही चांगली होते. पण हा प्रश्न तिथे क्वचितच निघतो.

‘वसंत आला म्हणून’ हे याचं उत्तर नव्हे. युरोपातल्या वसंतात बर्फ वितळतो आणि जमीन ओली होते. आपल्याकडे पाऊस ऑक्टोबरात आटोपलेला असतो, पुढचा यायचा तो जूनमध्ये. बरोबर त्या दोन्हींच्या मधल्या कोरड्या पोकळीत आपली देशी झाडं पानं टाकतात आणि फुलतात.

हे कोडं बऱ्यापैकी सोडवलं रॉल्फ बोर्शर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाने, तेही भारतापासून फार दूर, कोस्टारिकातल्या ग्वानाकास्ते प्रांतात. तिथलं शुष्क पानझडी जंगल आपल्या जंगलासारखंच वागतं. बोर्शर्ट झाडांच्या खोडांतलं पाणी मोजत राहिला. १९९४ साली त्याने मांडलेलं सूत्र असं की आकाशातून पाणी पडण्याची वाट ही झाडं बघत नाहीत, स्वतःच्या खोडातला साठा वापरतात. सोसायटीत घराघरांतले नळ दिवसभर वाहते असले, तर गच्चीवरची टाकी कधीच भरत नाही. नळ बंद झाले की खालून येणारी बारीक धारसुद्धा रात्रीत टाकी भरून टाकते. पानं हे झाडाचे नळ. ती गळाली की बाष्पोत्सर्जन जवळपास थांबतं, मुळं खोलवरून जे थोडंफार ओढतात ते खोडातच राहतं आणि तहानलेलं खोड पुन्हा भरतं. मग कळ्या उमलतात. म्हणजे पानगळ ही फुलण्याची तयारीच. ‘पळसाला पानं तीन’ असं आपण म्हणतो खरं, पण ऐन फुलोऱ्यात तीही नसतात!

लाकूड जितकं हलकं, तितका हा साठा मोठा. काटेसावरीचं लाकूड काडेपेटीच्या काड्यांना वापरतात, इतकं ते हलकं. पांगारा आणि गणेरही त्याच पंथातले. फेरीला गेलात तर या तिघांचं खोड एकदा वाजवून बघा.

गंमत इथे संपत नाही. एप्रिलच्या रखरखाटात कुसुमाला लालभडक कोवळी पालवी फुटते. फुलं एकवेळ समजू शकतो, पण पाऊस दोन महिने लांब असताना पानं, म्हणजे पुन्हा नळ उघडणं, कशासाठी? स्टीफन एलियट, पॅट्रिक बेकर आणि तोच बोर्शर्ट यांनी २००६ मध्ये आशियातल्या मोसमी जंगलांचा हा विरोधाभास तपासला. खोल जमिनीत पाणी शिल्लक असतं आणि इशारा बहुधा वाढत्या दिवसाचा असतो, असा त्यांचा निष्कर्ष. आपल्या अक्षांशावर सर्वांत लहान दिवस साधारण अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेराच्या आसपास. एवढासा फरक, पण झाडाला तो कळतो. पावसाचा भरवसा नाही, सूर्याचा आहे. पाऊस येईपर्यंत पानं तयार असली की झाडाला ओल्या मोसमाचा एकही दिवस वाया घालवावा लागत नाही.

निष्पर्ण फांदीवरची लाल फुलं पक्ष्यांना लांबून दिसतात, हे फेरीत सांगितलं जातंच. पण पाहुणा आला म्हणजे त्याने काम केलं, असं नव्हे. राजेश टंडन, के. आर. शिवण्णा आणि एच. वाय. मोहन राम यांनी पळसाचा अभ्यास करून २००३ मध्ये दाखवलं, की फुलांवर अनेक पक्षी येत असले तरी परागीभवन खरोखर करतात ते जांभळा सूर्यपक्षी आणि खार! खार फुलं कुरतडून नासधूस करते, असा आपला समज. तिचं नाव या यादीत बघून मला फार आनंद झाला होता.

आता थोडं कडू. पुण्याच्या टेकड्यांवर याच दिवसांत फिकट गुलाबी फुलांनी लगडलेलं एक झाड जागोजागी दिसतं. ते गिरिपुष्प. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, इथे मुद्दाम लावलेलं. फोटो त्याचेही भरपूर निघतात आणि ‘आपला वसंत’ म्हणून फिरतात.

आणि दर वर्षी बातमी येते, ‘यंदा पळस लवकर फुलला, हवामानबदलाचा परिणाम.’ असेलही. पण एका रस्त्यावरचे दोन पळससुद्धा एकाच दिवशी फुलत नाहीत. लवकर म्हणजे कशापेक्षा लवकर? क्योतोतल्या चेरीच्या बहराच्या नोंदी इ. स. ८१२ पासूनच्या आहेत. यासुयुकी आओनो यांनी त्या दरबारी आणि मठांतल्या रोजनिशांमधून वेचून काढल्या. म्हणून २६ मार्च २०२१ चा बहर बाराशे वर्षांतला तोवरचा सर्वांत लवकरचा ठरला, असं छातीठोकपणे सांगता आलं. पळसाच्या बाबतीत आपण फक्त हळहळतो. ‘सीझनवॉच’ या प्रकल्पात ठरावीक झाडाची दर आठवड्याला पानं, फुलं, फळं नोंदवतात. केरळातल्या शाळकरी मुलांनी त्यात मोठी भर घातली आहे. आपल्या वृक्षफेऱ्यांमधून नावं आणि फोटो घरी येतात, तारीख आणि जागा वहीत उतरत नाही.

ज्यांनी उतरवली, त्यांचं काय झालं? थिओडोर कुक हा आयरिश इंजिनिअर. रेल्वेच्या नोकरीत त्याने वसईचा लोखंडी पूल बांधला, मग पुण्याच्या सायन्स कॉलेजचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा प्राचार्य झाला. निवृत्तीनंतर १९०१ ते १९०८ या काळात त्याने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला, जो आजही आपल्या अभ्यासकांना चाळावा लागतो. त्यात प्रत्येक वनस्पतीखाली ठिकाण, आणि नमुना गोळा करणाऱ्याचं नाव. नावापुढे उद्गारचिन्ह असेल तर अर्थ असा, की तो नमुना ग्रंथकाराने स्वतः पाहिला आहे. पुण्याच्या आसपासच्या नोंदींपुढे वारंवार दिसतं ‘कानिटकर!’ आणि ‘भिवा!’

नुसता भिवा. आडनाव नाही. साहेबांच्या कॉलेजासाठी घाट आणि गड तुडवून त्याने आणलेल्या फांद्यांवरून, सव्वाशे वर्षांपूर्वी कोणती वनस्पती कुठे होती ते आज ठरवता येतं. वृक्षफेऱ्यांमध्ये कुकचं नाव आदराने निघतं. भिवाचं मी अजून एकदाही ऐकलेलं नाही.