अरण्यात भरणारी शाळा

अलास्काचा ईशान्य भाग आणि त्याला लागून असलेला कॅनडाचा वायव्य मुलूख येथील लहान लहान गावांतून ग्विचिन नावाचे लोक राहतात. त्यांची संख्या सुमारे ९,०००. युकॉन प्रदेशातील त्यांचे ओल्ड क्रो हे गाव उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे असून, तेथे अद्याप सडक पोहोचलेली नाही.

कॅरिबू हे हरणाच्या जातीचे जनावर त्यांचा पूर्वापार आधार होय. त्याचे मांस हे अन्न आणि कातडे हे वस्त्र. प्रत्येक माणसाच्या हृदयात कॅरिबूच्या हृदयाचा अंश असतो आणि कॅरिबूच्या हृदयात माणसाच्या, अशी त्यांची श्रद्धा आहे. साहजिकच शिकार वाया न घालविणे आणि ती वाटून खाणे हा मुलांना मिळणारा पहिला धडा.

पुढचे धडे वडीलधाऱ्यांच्या सहवासात मिळतात. बर्फावरील पाऊलखुणा ओळखणे, मासे धुरावर सुकविणे, कातडे कमाविणे या गोष्टी मूल पाहून पाहून आत्मसात करते. आरोग्याचे शिक्षणही त्यातच येते. स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाचा डिंक जखमेवर लावतात, तर सर्दीखोकल्यावर त्याच्या कोवळ्या शेंड्यांचा काढा घेतात.

विसाव्या शतकात या परंपरेवर मोठा आघात झाला. कॅनडात मुलांना घरापासून दूर निवासी शाळांत धाडण्यात येई आणि तेथे मातृभाषा बोलल्यास शिक्षा होई. सुटीत परतलेल्या कित्येक मुलांना आजीचे बोलणे नीट उमगेना. मग तिच्याजवळची विद्या त्यांनी घ्यावी कशी? या शाळांबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी ११ जून २००८ रोजी संसदेत जाहीर क्षमा मागितली.

परंतु ग्विचिन त्या दिवसाची वाट पाहत बसले नव्हते. १९९२ साली वायव्य मुलुखातील ग्विचिनांचा कॅनडा सरकारशी भूमिहक्कांचा करार झाला. त्यानंतर त्यांनी स्वतःची संस्कृती-संस्था उभारली. वृद्धांच्या कथा, स्थलनामे आणि वनस्पतींचे उपयोग नोंदवून घेतले. ॲलेस्टिन आंद्रे आणि ॲलन फेर यांचे वनस्पतींवरील पुस्तक याच प्रयत्नांतून सिद्ध झाले. मुलांना पुन्हा रानातील मुक्कामी नेऊन वडीलधाऱ्यांच्या हाताखाली शिकविले जाऊ लागले.

स्प्रूसचे झाड अरण्यात उभेच होते. त्याचा गुण सांगणारी भाषा मात्र घरातून लोपू लागली होती. आपल्या घरातील वृद्धांजवळही असे पुष्कळ काही असेल. मुलांना त्यांच्याजवळ बसू द्या आणि त्यांच्याच बोलीत ते ऐकू द्या.