खोक्यावरचे ‘५२५ पट’ आणि पहिली दुर्बीण

दुर्बीण घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती पट मोठं दिसतं?’ विकणाऱ्यांनाही तो ठाऊक असतो, म्हणून स्वस्त दुर्बिणीच्या खोक्यावर ‘५२५ पट’ असं ठळक छापलेलं असतं. हा आकडा येतो कुठून? भिंगाचा व्यास ६० मिलिमीटर, नाभीय अंतर ७०० मिलिमीटर आणि सोबत डोळ्याशी लावायचं ४ मिलिमीटरचं भिंग, म्हणजे आयपीस. ७०० भागिले ४ म्हणजे १७५. त्यात तिप्पट करणारी बार्लो लेन्स घातली की झाले ५२५. गणित चुकीचं नाही, पण डोळ्यापुढे येतो तो नुसता अंधूक, थरथरता डाग. व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुप्पट एवढीच उपयोगाची मर्यादा. ६० मिलिमीटरला १२० पट, तेही हवा शांत असेल तर.

दुर्बिणीचं खरं काम प्रकाश गोळा करण्याचं, आणि ते व्यासाच्या वर्गावर ठरतं. १३० मिलिमीटरचा आरसा ६० मिलिमीटरच्या भिंगापेक्षा साडेचार पटींहून जास्त प्रकाश आणतो. तेव्हा दुकानात आधी व्यास विचारा. शिवाय जास्त पट म्हणजे जास्त चांगलं, हेही खरं नाही. शंभर पटीला जेमतेम अर्धा अंश आकाश दिसतं. कृत्तिकांचा पुंजका त्यात मावतच नाही. तो साध्या बायनॉक्युलरमधून पाहावा.

‘स्टँड काय, कुठलाही चालतो’ हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. पृथ्वी फिरते, त्यामुळे शंभर पटीला मधोमध आणलेला शनी मिनिटाभरात कडेला जाऊन दिसेनासा होतो. दुर्बीण सतत हळूच सरकवावी लागते. ट्रायपॉड डगमगता असेल तर फोकसच्या चाकाला बोट लागताच शनी नाचू लागतो, आणि रांगेत उभी असलेली मुलं कंटाळून खाली निघून जातात. सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉन डॉब्सन यांनी लोकप्रिय केलेली डॉब्सोनियन बैठक म्हणजे जमिनीवर ठेवायची साधी लाकडी पेटी. ती हलत नाही आणि आपला पैसा आरशावर खर्च होतो. नवख्याला मी तीच सुचवेन.

शहरातून काही दिसत नाही, असंही ऐकू येतं. झगमगाटात दीर्घिका आणि तेजोमेघ फिके पडतात, हे खरं. चंद्र, गुरू, शनी यांना मात्र फारसा फरक पडत नाही. गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र पाहिले ते साधारण वीस पटीच्या दुर्बिणीतून. आज ते डोंबिवलीच्या गच्चीवरूनही दिसतात. लग्नात दाखवतात त्या वसिष्ठ-अरुंधतीकडे दुर्बीण वळवा: वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा आहे, हे लहान दुर्बिणीतही स्पष्ट कळतं.

चंद्र पाहायला पौर्णिमा कशाला? तेव्हा ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात. शुद्ध सप्तमी-अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर पाहा. विवरांच्या कडा उजळलेल्या, तळ काळाकुट्ट, आणि एखाद्या विवराच्या मधल्या शिखराचं नुसतं टोक अंधारात चमकत असतं. गच्चीचा स्लॅब दिवसभराची उष्णता सोडत असतो, म्हणून प्रतिमा थरथरते. थोडं उशिरा पाहावं आणि दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवावी.

छायाचित्रांतले रंग मात्र मिळणार नाहीत. २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका करडा पुसट ठिपकाच दिसते, कारण मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत.

सूर्याबाबत तडजोड नाही. आयपीसला लावायचा काळा सौर फिल्टर दुर्बिणीसोबत आला असेल तर फेकून द्या. एकवटलेल्या उष्णतेने तो तडकतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच हवा, आणि नेम धरायची छोटी दुर्बीण, म्हणजे फाइंडरही झाकलेला हवा.

खरेदीआधी दुसऱ्यांच्या दुर्बिणींतून पाहून घ्या. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईचं खगोल मंडळ आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेतात. जूनमध्ये दुर्बीण घेऊ नका; पावसाळाभर ती नुसती पडून राहील, आणि कोकणच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते. घरात असेलच, तर आयपीस सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.