पापुद्रा सुटतो तेव्हा

बाजारात माठ घेताना गृहिणी त्यावर बोटाने टिचकी मारते. खणखणीत नाद आला तर माठ पक्का. बद्द आवाज आला तर डोळ्यांना न दिसणारी चीर आत आहे, हे ती ओळखते. हीच टिचकी विमानाच्या अंगावरही मारली जाते, हे वाचून वाचकांना नवल वाटेल.

विमानाचे अंग पूर्वी मुख्यतः ॲल्युमिनियमचे असे. आता कर्बतंतूंनी त्याची बरीच जागा घेतली आहे. बोइंग ७८७ च्या सांगाड्याचे सुमारे निम्मे वजन अशा संमिश्र पदार्थांचे आहे. आपल्या ‘तेजस’ लढाऊ विमानातही त्यांचा वाटा सुमारे ४५ टक्के आहे. केसाच्या दशांशाइतके बारीक तंतू राळेत भिजवून त्यांचा थर करतात. एक थर मिलिमीटरच्या साधारण अष्टमांश जाडीचा. असे थर निरनिराळ्या दिशांनी एकावर एक रचून, उष्णता व दाब देऊन भाजले, की हलका पण विलक्षण बळकट पत्रा तयार होतो.

बळ आहे ते तंतूंचे. दोन थरांना जोडते ती मात्र केवळ राळ. दुबळेपणा तेथेच. दुरुस्तीच्या वेळी हातातून पाना निसटून पडला, तर वर पोचाही न दिसता आतला पापुद्रा सुटलेला असू शकतो. पुढे उड्डाणागणिक भार चढतो, उतरतो आणि ती फट किंचित पुढे सरकते. एका भाराने जे होत नाही, ते लाखो भारांनी होते. अभियंते यालाच पदार्थाचा थकवा म्हणतात. धातूतील चीरही अशीच वाढते. परंतु येथे भाराचा परिणाम अधिक तीव्र असतो. भार दहा टक्क्यांनी वाढला, तर फट वाढण्याचा वेग दुपटीहूनही अधिक होऊ शकतो. म्हणून सुटलेला पापुद्रा नेहमीच्या भाराखाली वाढताच कामा नये, असा दंडक विमानरचनेत पाळतात आणि मुद्दाम इजा केलेले भाग यंत्रावर पुनःपुन्हा ताणून पारखतात.

तरीही धडा मिळायचा तो मिळालाच. ६ मार्च २००५ रोजी क्यूबातील वारादेरोहून कॅनडाकडे निघालेल्या एअरबस ए-३१० विमानाचे सुकाणू सुमारे ३५,००० फूट उंचीवर जवळजवळ सगळेच तुटून पडले. आत सुमारे २७० माणसे होती. वैमानिकांनी विमान सुखरूप माघारी आणले. ते सुकाणू मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ गाभ्यावर तंतूंच्या पातळ पत्र्याचे आवरण चढवून केलेले होते. हे आवरण गाभ्यापासून सुटले असावे, किंवा गाभाच आतून फाटला असावा, असा कॅनडाच्या तपासमंडळाचा निष्कर्ष होता. नुसती नजर व टिचकी यांवर भिस्त ठेवणारी तपासणी पुरेशी नसावी, असेही त्याने बजावले.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेतील एका मालवाहू विमानाच्या सुकाणूतही आवरण सुटलेले आढळले. यंत्रणेतील तेल तेथे झिरपले होते. उड्डाणात अशी फट पसरू शकते, हे चाचण्यांत दिसले. त्यानंतर अशा सुकाणूंची अधिक कसून तपासणी सुरू झाली.

आता ध्वनिलहरी पत्र्यातून सोडून आतली फट शोधतात. साधने बदलली, तरी तत्त्व गृहिणीचेच आहे : वरची चकाकी पाहून भुलू नये, आतला नाद ऐकावा, आणि तो एकदा ऐकून थांबू नये, वेळोवेळी ऐकत राहावा.