कोणीतरी, कोणीही आणि इंग्रजीतले ‘एनीबडी’

ज्या माणसाचे किंवा वस्तूचे नाव ठाऊक नाही, ठाऊक असूनही सांगायचे नाही, किंवा बोलणे एका ठरावीक माणसाविषयी नाहीच, तिथे नामाऐवजी येणाऱ्या शब्दाला अनिश्चित सर्वनाम म्हणतात. इंग्रजीत ‘समवन’, ‘एनीबडी’, ‘एव्हरीथिंग’, ‘नोबडी’ हे शब्द या वर्गातले. ‘ईच’, ‘आयदर’, ‘नायदर’, ‘बोथ’, ‘सम’, ‘ऑल’, ‘नन’, ‘फ्यू’, ‘मेनी’ हे शब्दही पुढे नाम न घेता एकटे आले की याच वर्गात मोडतात. शब्द सोपे आणि रोजचे आहेत. तरीही शिकलेल्या मराठी माणसाच्या इंग्रजीत, अर्जांत आणि उत्तरपत्रिकांत ज्या चुका वर्षानुवर्षे टिकून राहतात, त्यांतल्या बऱ्याच याच शब्दांभोवती सापडतात.

नाशिकचे उदाहरण घेऊ. तिथे अशोक स्तंभापासून गंगापूर धरणाकडे जाणारा गंगापूर रोड हा शिक्षणाचा रस्ता आहे. १९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाचे के. टी. एच. एम. महाविद्यालय याच रस्त्यावर आहे आणि पुढे धरणाच्या परिसरात १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. गावोगावच्या मराठी शाळांत शिकलेली मुले आणि नोकरी सांभाळून पदवी घेणारी मोठी माणसे अशा संस्थांत इंग्रजीला सामोरी जातात. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्याआधीच्या पिढ्यांना ते पाचवीत भेटत असे. या विद्यार्थ्यांच्या चुकांना अज्ञान म्हणून सोडून देणे अन्यायाचे आहे. त्यांच्या वाक्यांत मराठीचे नियम अगदी काटेकोरपणे पाळलेले असतात, फक्त शब्द इंग्रजी असतात. म्हणून इंग्रजी अनिश्चित सर्वनामे नीट शिकण्याची वाट मराठी ‘कोणी’ आणि ‘काही’ यांच्यावरून जाते.

मराठीत ही सर्वनामे प्रश्नार्थक शब्दांपासून बनतात. ‘कोण’ला ईकार लागला की ‘कोणी’, त्याला ‘तरी’ जोडले की ‘कोणीतरी’, ‘ही’ जोडले की ‘कोणीही’. ‘काही’, ‘काहीतरी’, ‘काहीही’ ही त्याच वळणाची भावंडे. शालेय व्याकरणातही ‘कोण’ आणि ‘काय’ ही सर्वनामे प्रश्नार्थक आणि सामान्य किंवा अनिश्चित अशा दोन्ही प्रकारांत मोजली जातात. हा मराठीचा विक्षिप्तपणा नव्हे. मार्टिन हास्पेलमाट या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १९९७ साली याच विषयावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्या अभ्यासातून दिसते की जगातल्या बहुसंख्य भाषा अनिश्चित सर्वनामे प्रश्नार्थक शब्दांवरूनच घडवतात. इंग्रजीने मात्र दुसरी रीत घेतली. तिने ‘वन’, ‘बडी’ आणि ‘थिंग’ या सामान्य शब्दांना ‘सम’, ‘एनी’, ‘नो’ आणि ‘एव्हरी’ असे चार उपशब्द जोडले. ‘वन’ आणि ‘बडी’ यांच्या अर्थात फरक नाही, ‘बडी’ जरा बोलीतले वाटते एवढेच. खरी अडचण त्या चार उपशब्दांची आहे.

‘कोणीतरी आलंय’ या वाक्यात माणूस आहे, फक्त ओळख नाही. इथे ‘समवन’. ‘कोणी आलंय का?’ या प्रश्नात माणूस आहे की नाही हेच ठाऊक नाही. इथे ‘एनीवन’. ‘कोणी विचारलं तर सांग’ या अटीतही ‘एनीवन’च. ‘कोणीही येऊ शकतं’ म्हणजे निवडीला मोकळीक, तिथेही ‘एनीवन’. म्हणजे मराठीचा नुसता ‘कोणी’ आणि ‘कोणीही’ हे दोन्ही बहुतेक वेळा ‘एनी’कडे जातात आणि ‘कोणीतरी’ ‘सम’कडे. प्रश्नात ‘एनी’ आणि विधानात ‘सम’ असा शाळेत पाठ करून घेतलेला नियम मात्र अपुरा आहे. पाहुण्याला ‘वुड यू लाइक समथिंग टू ईट?’ असे विचारतात, कारण तो प्रश्न दिसत असला तरी आग्रह आहे आणि उत्तर होकारार्थी यावे अशी अपेक्षा आहे. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे का, यापेक्षा बोलणाऱ्याने ती गोष्ट आहे असे मनात धरले आहे का, हे पाहिले तर निवड सहसा चुकत नाही.

सर्वांत खोल रुजलेली चूक नकाराची आहे. ‘कोणीही आलं नाही’ याचे भाषांतर ‘एनीबडी डिड नॉट कम’ असे केले जाते. मराठी वाक्यात नकार क्रियापदापाशी, म्हणजे सहसा वाक्याच्या शेवटी येतो. ‘कोणीही’ आधी येतो आणि ‘नाही’ मागून येऊन त्याला आपल्या कवेत घेतो. इंग्रजीत ‘एनी’ला नकाराच्या छायेत राहायचे असेल तर नकार त्याच्या आधी यावा लागतो. ‘आय डिड नॉट सी एनीबडी’ हे बरोबर, कारण ‘नॉट’ आधी आले. कर्त्याच्या जागी मात्र ‘एनीबडी’च्या आधी नकाराला जागाच उरत नाही. म्हणून नकार सर्वनामाच्या पोटात घालतात आणि क्रियापद होकारार्थी ठेवतात: ‘नोबडी केम’. मराठीत याला समांतर रचना नाही. नकार सर्वनामात गेला आणि क्रियापद मोकळे राहिले, हे मराठी कानाला अपुरे वाटते. म्हणून पुष्कळजण तिथे आणखी एक ‘नॉट’ घालतात आणि ‘नोबडी डिड नॉट कम’ असे वाक्य तयार होते. प्रमाण इंग्रजीत त्याचा अर्थ नेमका उलटा, म्हणजे सगळे आले, असा होतो.

दुहेरी नकार इंग्रजीत पूर्वीपासून निषिद्ध होता असे नाही. चॉसरच्या काळच्या इंग्रजीत एकापुढे एक नकार जोर देण्यासाठी सर्रास येत आणि अनेक बोलींत ते आजही येतात. दोन नकार मिळून होकार होतो, हा दंडक अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी पक्का केला. रॉबर्ट लोथ यांचे १७६२ साली निघालेले छोटे व्याकरण त्यांतले फार गाजलेले. मराठी रीत तर्काला सोडून आहे असे म्हणण्यात त्यामुळे अर्थ नाही. पण परीक्षेत, कार्यालयात आणि छापील मजकुरात आजचा दंडकच चालतो आणि तो पाळावा लागतो.

हीच नकाराची अडचण ‘दोघेही’ आणि ‘सगळे’ यांच्यापाशी पुन्हा उभी राहते. ‘दोघेही आले नाहीत’ याचे ‘बोथ डिड नॉट कम’ होते. वाचणारा इंग्रज गोंधळतो, कारण दोघे मिळून आले नाहीत पण एकजण आला, असाही अर्थ त्यातून निघू शकतो. तिथे ‘नायदर केम’ हवे. ‘सगळे विद्यार्थी पास झाले नाहीत’ या मराठी वाक्यातही संदिग्धता आहे. बोलताना आवाजाच्या चढउताराने ती मिटते, लिहिताना मिटत नाही. काहीजण नापास झाले असे सांगायचे असेल तर ‘नॉट ऑल’ किंवा ‘नॉट एव्हरीवन’ने सुरुवात करावी. एकही पास झाला नसेल तर ‘नन’ वापरावे. दोहोंतून निवडताना आणि अनेकांतून निवडताना मराठी एकच ‘कोणताही’ वापरते. नाशिकच्या सोमेश्वरला जायला दोन बस असतील तर इंग्रजीत ‘आयदर’ आणि तीन किंवा अधिक असतील तर ‘एनी’.

वचनाचा नियम त्या मानाने सरळ आहे. ‘वन’, ‘बडी’ आणि ‘थिंग’ने संपणारी सर्व सर्वनामे, तसेच ‘ईच’, ‘आयदर’ आणि ‘नायदर’, एकवचनी क्रियापद घेतात. ‘बोथ’, ‘फ्यू’, ‘मेनी’ आणि ‘सेव्हरल’ अनेकवचनी. तरीही ‘एव्हरीवन हॅव कम’ असे लिहिले जाते, कारण मनात ‘सगळे आले आहेत’ हे अनेकवचनी वाक्य असते. ‘एव्हरीवन’ ऐकताच ‘सगळे’ऐवजी ‘प्रत्येकजण’ आठवला तर चूक आपोआप टळते, कारण मराठीतही प्रत्येकजण ‘आला आहे’. ‘ईच ऑफ द स्टुडंट्स’ मधल्या ‘स्टुडंट्स’ला पाहून क्रियापद अनेकवचनी करण्याचा मोह होतो. कर्ता ‘ईच’ आहे, ‘स्टुडंट्स’ नव्हे.

‘वन ऑफ माय फ्रेंड’ ही महाराष्ट्रभर ऐकू येणारी चूक थोडी वेगळी आहे. मराठीत सहज येते ते ‘माझा एक मित्र’, आणि तिथे मित्र एकवचनीच असतो. त्यावर ‘ऑफ’ चढवले की हे अर्धे वाक्य तयार होते. इंग्रजी रचनेचा खरा जोडीदार ‘माझ्या मित्रांपैकी एक’ हा आहे. तिथे मित्र अनेक आहेत, म्हणून ‘फ्रेंड्स’. क्रियापद मात्र त्या एकासाठी, म्हणून ‘इज’.

‘सम’, ‘ऑल’, ‘मोस्ट’ आणि ‘एनी’ यांचे वचन त्यांच्यामागे असलेल्या नामावर ठरते. धरणातले पाणी मोजता येत नाही, म्हणून ‘सम ऑफ द वॉटर हॅज बीन रिलीज्ड’. दरवाजे मोजता येतात, म्हणून ‘सम ऑफ द गेट्स हॅव बीन ओपन्ड’. ‘नन’ मुळात ‘एकही नाही’ या अर्थाच्या जोडशब्दातून आला, म्हणून तो नेहमी एकवचनीच असावा असा काही शिक्षकांचा आग्रह असतो. तो आग्रह चुकीचा आहे. जुन्या इंग्रजीपासून ‘नन’ दोन्ही वचनांत चालत आला आहे.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांतला फरक मराठीने फार सुंदर दाखवता येतो. ‘फ्यू केम’ म्हणजे थोडेच आले, आणि त्यात निराशा आहे. ‘अ फ्यू केम’ म्हणजे थोडे तरी आले, आणि त्यात समाधान आहे. न मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी हेच नाते ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांचे. ‘च’ आणि ‘तरी’ यांचा फरक जाणणाऱ्या मराठी माणसाला यासाठी वेगळे पाठांतर लागत नाही.

लिहिताना एक बारकावा राहतो. ‘समवन’, ‘एनीवन’ आणि ‘एव्हरीवन’ जोडून लिहितात, ‘नो वन’ तोडून. पण पुढे ‘ऑफ’ आले की ‘एव्हरी वन ऑफ देम’ आणि ‘एनी वन ऑफ देम’ असे तुटते, कारण तिथे ‘वन’ हा खरोखरीचा एक आहे. विशेषण या सर्वनामांच्या नंतर येते: ‘समथिंग न्यू’. मराठीतही ‘काहीतरी नवीन’ असाच क्रम आहे. त्यामुळे इथे चूक क्वचितच होते.

शेवटचा प्रश्न लिंगाचा. या जागी मराठीकडे जे आहे ते इंग्रजीकडे नाही. ‘दारात कोणीतरी उभं आहे’ असे मराठी माणूस म्हणतो. उभा नाही, उभी नाही, उभं. माणूस पुरुष की स्त्री हे कळेपर्यंत मराठी नपुंसकलिंग वापरते आणि त्यात कोणाचा अवमान होत नाही. ‘प्रत्येकाने आपापली पिशवी आणावी’ यातला ‘आपापली’ पिशवीशी जुळतो. आणणाऱ्याचे लिंग त्याला विचारावेच लागत नाही. इंग्रजीत मात्र ‘एव्हरीवन शुड ब्रिंग’ म्हटल्यावर पुढे ‘हिज’, ‘हर’ की ‘देअर’, हे ठरवावे लागते. निर्जीव वस्तूंचे ‘इट्स’ माणसाला लावता येत नाही.

बोलणाऱ्यांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. एकट्या अनोळखी माणसासाठी ‘दे’ आणि ‘देअर’ वापरल्याचे दाखले चौदाव्या शतकापासून सापडतात. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांतही ते आहेत. पुढे व्याकरणकारांनी वचन जुळत नाही म्हणून त्याला दोष दिला आणि दोन्हींसाठी ‘ही’ आणि ‘हिज’ वापरण्याचा नियम शाळांत रूढ केला. कायद्यानेही तीच वाट धरली. १८५० साली ब्रिटिश संसदेने कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश धरावा असे ठरवले. भारतात १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम १३ हेच सांगते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या रीतीवर रास्त आक्षेप आले. ‘हिज ऑर हर’ लिहिले जाऊ लागले, पण एका परिच्छेदात ते चारदा आले की वाचणे जड होते. २०१९ साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखन-नियमावलीने एकवचनी ‘दे’ला मान्यता दिली आणि आजचे प्रमुख शब्दकोशही ते शुद्ध मानतात.

म्हणून ‘एव्हरीवन हॅज ब्रॉट देअर बुक’ हे वाक्य निःशंकपणे लिहावे. सर्वनामाचे क्रियापद एकवचनीच राहते, ‘हॅज’. पुढच्या वाक्यात ‘दे’ स्वतः कर्ता झाला की त्याचे क्रियापद अनेकवचनी, ‘दे हॅव’. जुन्या उत्तरसूचीवर चालणाऱ्या परीक्षेत ‘देअर’ चुकीचे धरले जाण्याची शक्यता असते. तिथे वाक्यच अनेकवचनी करून ‘ऑल द स्टुडंट्स हॅव ब्रॉट देअर बुक्स’ असे लिहिले की नव्या-जुन्या दोन्ही नियमांत ते बसते.