पडद्यामागचे राक्षस (भाग ६) : वजन कुठून आणायचं?

४० मीटर उंचीवरून दगड सोडला तर तो जमिनीला टेकायला जवळपास २.९ सेकंद लागतात. तोच दगड माणसाच्या डोक्याइतक्या, म्हणजे १.७ मीटर उंचीवरून सोडला तर ०.६ सेकंदही लागत नाहीत. जपानी टीव्हीवरचे राक्षस या फरकातून जन्माला आले, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

गेल्या आठवड्यात आपण फाळक्यांचा १९१९ सालचा कालिया पाहिला. फाळक्यांचं एक काम पुराणांनी आधीच करून ठेवलं होतं. प्रेक्षक कालियावर विश्वास ठेवूनच थिएटरात येत होता. तोक्योच्या एइजी त्सुबुरायांना ही सोय नव्हती. १७ जुलै १९६६ रोजी त्यांच्या कंपनीची ‘अल्ट्रामॅन’ ही मालिका सुरू झाली. एकूण भाग ३९, आणि जवळजवळ दर आठवड्याला नवा राक्षस. कालपर्यंत ज्याचं नावही कुणी ऐकलं नव्हतं असा प्राणी अर्ध्या तासात मुलांच्या गळी उतरवायचा आणि संपवायचाही. (याच सुमाराची, तोएई कंपनीची ‘जायंट रोबो’ आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर लागायची. ती पाहिलेल्यांना ही तऱ्हा चांगलीच ठाऊक असेल.)

त्सुबुराया १९३३च्या ‘किंगकाँग’वर फिदा होते. तो काँग म्हणजे एकेका चौकटीला तसूभर हलवलेला बाहुला. १९५४ साली ‘गोजिरा’ करताना, म्हणजे आपल्या गॉडझिलाच्या वेळी, तेवढा वेळही नव्हता आणि पैसाही. मग माणसालाच रबरी पोशाखात घातलं आणि त्याच्याभोवती छोटं शहर उभारलं. पण अडचण दगडाचीच होती. पोशाखातला माणूस इमारतीवर कोसळला की अर्ध्या सेकंदात खाली, म्हणजे दिसायला माणूसच. यावर तोडगा एकच, कॅमेरा जोरात पळवायचा. १.७ मीटरचा माणूस ४० मीटरचा भासवायचा तर प्रमाण साधारण साडेतेवीस पट होतं. त्याचं वर्गमूळ काढलं की पावणेपाचच्या वर येतं. तेव्हा सेकंदाला २४ ऐवजी सुमारे ११५ चौकटी टिपायच्या आणि पडद्यावर २४च्या चालीने दाखवायच्या. पडणं लांबतं, धूळ सावकाश उठते आणि डोळा समजतो की हे धूड अवजड आहे.

पण कॅमेरा पाचपट पळवला की प्रकाशही पाचपट लागतो, आणि फिल्मही पाचपट खर्ची पडते. त्या दिव्यांच्या भट्टीत रबराच्या आत हारुओ नाकाजिमा उभे असायचे. पहिल्या गोजिराचा पहिला पोशाख शंभरेक किलोचा होता आणि इतका ताठ, की चार पावलं टाकतानाच दमछाक व्हायची. तो बाजूला ठेवून दुसरा करावा लागला. नाकाजिमा चाल शिकायला प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं बघत बसत. हत्ती पाय कसा उचलतो, त्याहीपेक्षा कसा टेकवतो, हे त्यांनी हेरलं. मला विचाराल तर गॉडझिलाचं अर्धं वजन तिथून आलं, उरलेलं अर्धं त्या माणसाच्या खऱ्याखुऱ्या थकव्यातून.

कागदावरच्या वजनाची मात्र गंमत आहे. अल्ट्रामॅनची अधिकृत उंची ४० मीटर, वजन ३५ हजार टन. ७० किलोच्या माणसाला त्याच प्रमाणात वाढवलं तर उत्तर ९०० टनांच्या आसपास येतं. म्हणजे हा गडी भरीव सोन्याचा धरला तरी सांगितलेल्या वजनाच्या निम्म्यावरच थांबतो. मुलांनी हे कधी मनावर घेतलं नाही, हे बरंच.

आता राक्षसांच्या रूपाकडे येऊ. ते काम शिल्पकार तोरू नारिता यांचं. त्यांनी स्वतःवर तीन बंधनं घालून घेतली होती. राक्षस म्हणजे भूत नव्हे, तेव्हा दोन डोकी, दहा हात असली जोडाजोड करायची नाही. ओळखीचा प्राणी नुसता फुगवून मोठा करायचा नाही. आणि फाटलेलं, सडलेलं, रक्ताळलेलं शरीर दाखवायचं नाही. रावण आणि सहस्रबाहूवर वाढलेल्या आपल्याला पहिला नियम जरा जाचतो; पण मला त्या तिहींत तिसरा सर्वांत मोलाचा वाटतो. समोर मुलं बसली आहेत, हे तो माणूस विसरला नव्हता. नारितांच्या चित्रांवरून बहुतेक पोशाख र्‍योसाकू ताकायामा घडवत.

दर आठवड्याला नवा पोशाख परवडणार कसा? मग जुन्याचं नवं करायचं. तोहो कंपनीच्या १९६५च्या एका चित्रपटातला बारागोन नावाचा राक्षस घ्या. त्याचंच कातडं डोकं बदलून, शिंगं लावून ‘अल्ट्रामॅन’मध्ये नेरोंगा झालं, मग मागुलार, मग गाबोरा. बारागोन, नेरोंगा आणि गाबोरा या तिन्हींच्या आत नाकाजिमाच होते. नेरोंगा तर वीज पिणारा अदृश्य राक्षस. निम्मा वेळ राक्षस दाखवायलाच नको, निर्मात्याला आणखी काय हवं! दहाव्या भागातला जिरास म्हणजे साक्षात गॉडझिला, फक्त गळ्याभोवती झालर लावलेला. लढाईत अल्ट्रामॅन ती झालर उपटून काढतो आणि आत गॉडझिला जसाच्या तसा उभा! लबाडी उघडी करून दाखवण्याचा हा खट्याळपणा मला फार आवडतो.

नारितांच्या हाताची खरी करामत मात्र २३व्या भागातल्या जमिलात दिसते. जमिला मुळात माणूस, अंतराळवीर. अपघातात पाणी नसलेल्या ग्रहावर अडकला, तिथे त्याचं शरीर पालटलं, आणि आपल्याला वाऱ्यावर सोडणाऱ्या पृथ्वीवर सूड उगवायला तो परत आलाय. त्याला मानच नाही. खांद्यांची रेघ तशीच वर जाऊन टाळूला मिळते आणि चेहरा छातीत रुतल्यासारखा दिसतो. एवढ्या एका बदलाने तो माणूसही राहतो आणि माणूस उरतही नाही. जपानभरची पोरं शर्टाची कॉलर डोक्यावर ओढून, गळ्यातून तोंड बाहेर काढून जमिला व्हायची. खर्च शून्य! दिग्दर्शक आकिओ जिस्सोजी यांनी त्याला पाण्याच्या माऱ्याने मारलं आणि चिखलात तडफडताना त्याच्या ओरडण्यात तान्ह्या बाळाचं रडणं मिसळलं. तो चिखलात हात आपटतो तेव्हा मात्र वेगाचं गणित कुणालाही आठवत नाही.

हे सगळं बंगळूरुत बसून लिहिण्याला कारण आहे. २०१४ साली हॉलिवुडचा ‘गॉडझिला’ आला. त्यातला १०८ मीटरचा प्राणी एमपीसी या कंपनीने संगणकावर घडवला. सूत्रं कॅनडातल्या व्हँकूवरच्या शाखेकडे होती, आणि कामाचा वाटा बंगळूरुच्या शाखेकडेही होता. दोन वर्षांनी आलेल्या ‘जंगल बुक’चे बहुतेक प्राणीही याच कंपनीचे, त्याला पुढे ऑस्कर मिळालं.

संगणकातल्या राक्षसाला मुळात वजनच नसतं. तो हवेसारखा हलका असतो. त्याला जड करावं लागतं. पाऊल टेकल्यावर कंबर दोन-चार चौकटी उशिरा खाली बसवायची. मांडीचं मांस मग हलायचं, शेपटी सर्वांत शेवटी. नाकाजिमांना जे आपोआप होत होतं, ते इथे कुणीतरी ठरवून करायचं. त्याच्याही आधीची कामं वेगळीच. मॅचमूव्ह करणाऱ्याने खऱ्या कॅमेऱ्याची हरेक थरथर संगणकातल्या कॅमेऱ्यात उतरवायची. ती जराशी चुकली की गॉडझिलाचा पाय रस्त्यावर बर्फावरून घसरल्यासारखा सरकतो, आणि वजनाचा सगळा डाव तिथेच फसतो. रोटो करणाऱ्याने पळणाऱ्या माणसाची कड चौकटीगणिक आखायची, म्हणजे राक्षस त्याच्यामागे उभा करता येतो. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे १२० चौकटी, त्यात वाऱ्यावर उडणारे केस. हे काम नीट झालं तर दिसत नाही, आणि बिघडलं तरच कुणाच्या लक्षात येतं.

व्हँकूवर आणि बंगळूरु यांच्या घड्याळांत साडेबारा ते साडेतेरा तासांचा फरक. तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची दुसरी सकाळ. शॉट अहोरात्र फिरत राहतो, हा धंद्याचा मोठा फायदा. कलेचा फायदा मात्र मला तितकासा दिसत नाही. राक्षस कसा चालावा हे एका खंडात ठरतं, आणि त्याच्या पायाखालची जमीन दुसऱ्या खंडात पक्की होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये एमपीसीची मातृसंस्था टेक्निकलर कोसळली. त्यात बंगळूरुतल्या कलाकारांच्या नोकऱ्याही रातोरात गेल्या.

आणि याच काळात जपानमध्ये काय झालं, तर २०२३चा ‘गॉडझिला मायनस वन’. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी स्वतःच व्हीएफएक्स सुपरवायझर, हाताखाली जेमतेम ३५ कलाकार, ६१० शॉट. त्यांतल्या एका तरुणाला घरी फावल्या वेळात संगणकावर पाणी उसळवायचा नाद होता. यामाझाकींनी ते पाणी पाहिलं आणि समुद्रातले प्रसंग वाढवले. २०२४ साली या चित्रपटाला दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं.

(पुढील आठवड्यात : राक्षसाचा आवाज)